तुम्ही विचारलंत म्हणून: खुराड्यावरचं सोलर

परड्यातल्या खुराड्यावर पॅनेल दिसलं की येणारा-जाणारा विचारतोच, "यावर पिल्लांना ऊब देता येते का हो? आणि बिल किती वाचतं?"

बिलाचं आधी सांगतो. आत पाच वॅटचा एलईडी आहे. रोज तीन तास लावला तरी महिन्याला अर्धं युनिटही होत नाही. तेवढं वाचवायला पॅनेल घेणं म्हणजे शुद्ध हौस. आमचं खुराडं घरापासून लांब, विहिरीकडेला आहे. तिथवर ओढलेली वायर पावसात भिजणार, उंदीर कुरतडणार. ती कटकट नको म्हणून सोलर घेतलं.

आता ऊब. पहिल्या आठवड्यात पिल्लांना ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, पुढे दर आठवड्याला तीनेक अंशांनी उतरवत न्यायची. बल्ब लावायचे तर पिल्लामागे दोन वॅट हा नेहमीचा ठोकताळा. शंभर पिल्लांना २०० वॅट, म्हणजे रात्रीच्या बारा तासांत २.४ युनिट. माझं पॅनेल ४० वॅटचं. कडक ऊन असलं तरी दिवसभरात युनिटचा पाचवा-सहावा हिस्सा हाती लागतो. बॅटरी फवारणी पंपात असते तसलीच, १२ व्होल्ट ८ अँपिअर-अवरची. त्या बल्बांपुढे ती अर्धा तासही टिकायची नाही. तेव्हा शंभर पिल्लं आणलीत तर लाईनचे बल्ब लावा. पाच-दहाच असतील तर रात्री अंधारात हळूच खुडूक (अंडी उबवायला बसलेल्या) कोंबडीच्या पोटाखाली सरकवा. ती एक पैसा मागत नाही.

मग सोलरचा उपयोग काय? उजेड. कोंबडी नीट अंडी देत राहायला दिवसाला १४ ते १६ तास उजेड लागतो. तो नुसता डोळ्यांनी जाणवतो असं नाही, कवटीतूनही मेंदूपर्यंत झिरपतो. आमच्या साताऱ्याकडे डिसेंबरात दिवस जेमतेम ११ तासांचा, म्हणून उरलेले तीन तास दिव्याने भरून काढायचे. तेही पहाटे, टायमर लावून. संध्याकाळी नको, कारण दिवा फटकन विझला की दांडीवर न चढलेल्या कोंबड्या अंधारात तिथेच अडकतात. आणि तलंगांना, म्हणजे अजून अंडी न घालणाऱ्या कोवळ्या कोंबड्यांना, अठरा-वीस आठवड्यांच्या होईपर्यंत या जादा उजेडापासून लांब ठेवा. लवकर अंड्यावर आल्या की अंडी बारकी आणि त्रास कोंबडीला.

गंमत बघा, दिव्याची गरज हिवाळ्यात, आणि तेव्हाच आभाळ स्वच्छ. पावसाळ्यात पॅनेल रुसतं, पण जून-जुलैत दिवसच तेरा तासांचा, त्यामुळे फारसं अडत नाही. पॅनेलचं तोंड दक्षिणेला ठेवा आणि हिवाळ्यात ते जरा जास्त उभं करा. शेवग्याच्या एका फांदीची सावलीसुद्धा त्याला भोवते. आणि ते कोंबड्यांना उडी मारून बसता येईल इतकं खाली बसवू नका. रोज शीट पुसत बसाल.

हे सगळं ग्रामप्रियासारख्या अंड्याच्या जातीसाठी. गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देणार आणि मध्येच खुडूक होऊन बसणार, दिवा लावा नाहीतर आरती ओवाळा. तुमच्याकडे नुसत्या गावठी असतील तर ते पैसे जाळीत घाला, मुंगूस आमच्याइतकंच तुमच्याकडेही असेल.