डंपच्या उतारावर माती धरताना

गोव्यातल्या डिचोली तालुक्यात खाणीच्या डंपला, म्हणजे खाणीतून काढून टाकलेल्या माती-दगडांच्या डोंगराला, लागून आमचा तीन हजार चौरस मीटरचा डोंगरउतार आहे. आजोबांच्या वेळी तिथं काजू होते. डंपची माती घसरत आली आणि एकेक काजू बुंध्यापर्यंत पुरला गेला. एक टन लोहखनिज काढायला अडीच-तीन टन माती-दगड बाजूला टाकावे लागतात. २०१२ साली खाणी बंद झाल्या, ट्रक थांबले, पण दर पावसाळ्यात तांबडा गाळ आमच्या भातशेतात येतच राहिला. बाबांनी तेव्हा एक सवय लावून घेतली. मिरगाचा पहिला मोठा पाऊस झाला की पाटाचं पाणी बाटलीत भरायचं आणि दुसऱ्या दिवशी तळाशी किती गाळ बसला ते बघायचं.

पहिल्या वर्षी सगळे करतात तेच केलं. खड्डे खणले, शेणखत घातलं, काजू-जांभळाची रोपं लावली. चवथीपर्यंत सगळं हिरवं होतं. मार्चमध्ये वाळलेली रोपं उपटली, तर मुळं खड्ड्याच्या बाहेर गेलीच नव्हती; कुंडीत फिरावीत तशी गोल फिरली होती. बाहेर त्यांना खायला काही नव्हतं.

मग माती तपासून घेतली. आम्लधर्मी, सेंद्रिय कर्ब नावापुरता. कृषी अधिकाऱ्यांनी एक गोष्ट नीट समजावली: अशा मातीतलं लोह आणि अल्युमिनियम स्फुरदाला, म्हणजे फॉस्फरसला, धरून ठेवतात, म्हणून सुपर फॉस्फेट कितीही टाकलं तरी झाडाच्या वाट्याला थोडंच येतं. रॉक फॉस्फेट आम्लात हळूहळू विरघळतं, ते शेणखतात मुरवून घाला. मी कोळशाच्या खाणींबद्दलही वाचत होतो. तिथल्या मातीत पायराइट जास्त असला तर हवा-पाणी लागून गंधकाम्ल तयार होतं आणि चुन्याशिवाय गवतही धरत नाही. आमच्याकडे तो त्रास नाही. आम्हाला छळतो तो पाऊस, चार महिन्यांत जवळजवळ ३,००० मिलिमीटर.

म्हणून दुसऱ्या वर्षी एकही झाड लावलं नाही. बाबांना ते पटेना. "समोरच्या डंपवर अकेशिया बघ कसा वाढलाय!" अकेशिया उतार धरतो, नत्रही बांधतो, हे खरं. पण मी त्यांना त्या झाडांखाली घेऊन गेलो. वीतभर सुका पाला, लवकर न कुजणारा, आणि खाली तीच तांबडी माती. रस्त्यावरून हिरवं दिसण्यासाठी मला झाडं लावायची नव्हती.

त्या वर्षी फक्त पाणी अडवलं. उताराला आडवे चर, चराच्या कडेला फुटक्या चिऱ्यांचे बांध, बांधाच्या वर वीत-वीत अंतरावर वाळ्याची रोपं. वाळ्याची मुळं सरळ खाली दोन-तीन मीटर जातात. सगळ्यात उभ्या भागावर काथ्याची जाळी खुंट्या ठोकून बसवली. जुलैत दोन ठिकाणी बांध फुटला, भर पावसात पुन्हा रचला.

तिसऱ्या वर्षी हिरवळीच्या खतासाठी ताग पेरला. शेणकाला घातलेल्या पट्ट्यांत तो कमरेएवढा झाला, बाकी ठिकाणी वीतभरच. फुलावर येताच कापून तिथंच गाडला. असं सलग दोन पावसाळे केलं. शेजारच्या जुन्या रानात आमचीच किंदळ आणि माट्टी ही चार रानझाडं आहेत, त्यांच्या खालची पालापाचोळ्याची माती टोपल्यांनी आणून प्रत्येक खड्ड्यात ओंजळभर टाकली. मुळांना स्फुरद मिळवून देणारी बुरशी त्या मातीत असते. खाणीसाठी डोंगर उकरताना वरची सुपीक माती वेगळी काढून ठेवायची असते, ती याचसाठी. आमच्या डोंगराची ती माती डंपच्या पोटात गेली, याचा राग अजून जात नाही.

त्यानंतरच करंज, आवळा, जांभूळ, किंदळ आणि कडेला बांबू लावले. यंदा उन्हाळ्यात करंजांना पाणी घालावं लागलं नाही. काजू मात्र अजून रडतखडत आहेत.

जूनमध्ये बाबांनी बाटली भरली. पूर्वी चार बोटं गाळ बसायचा, या वेळी बोटभर. तो खालच्या कोपऱ्यातून येतो, तिथं वाळा दोनदा वाहून गेला. काथ्याची नवी जाळी आणून पडवीत ठेवली आहे. पुढच्या मिरगाआधी तो कोपरा बांधायचा आहे.