तुम्ही विचारलंत म्हणून: सहाशे बारा मीटर

"सहाशे बारा मीटर? अहो, आपलं इंदूरच साडेपाचशेवर आहे. साठ मीटर चढायला स्कॉटलंड गाठलंत?"

रामबागेतल्या आमच्या भिशीत हा प्रश्न मला ठरलेला आहे. मुलगी स्कॉटलंडमधल्या इन्व्हर्नेसला असते, उन्हाळ्यात तिच्याकडे जाणं होतं. परतल्यावर फोनमधला तिथल्या स्टॅक पॉली टेकडीचा फोटो हातोहात फिरतो, मग कुणीतरी उंची विचारतं आणि हशा पिकतो. नेमकं काय आहे त्या टेकडीत, असं तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते. एरवी मीही हसून सोडून देते.

आकडा खोटा नाही. रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, ती आपल्यापैकी कितीजण वाचतात? आपण या पठारावर राहतो ही गोष्ट रोजच्या जगण्यात कुठे जाणवतच नाही. इंदूरजवळचा आपला जानापाव डोंगर साडेआठशेच्या वर आहे, पण तिथे निघताना त्यातले साडेपाचशे मीटर माळव्याने आपल्याला आधीच दिलेले असतात. स्टॅक पॉली तसं काही देत नाही. लॉख लर्गन नावाच्या लांबट तळ्याकाठी गाडी लावायची. ते तळं समुद्रापेक्षा जेमतेम वर. तिथून पुढचे पाचशेहून जास्त मीटर आपल्याच गुडघ्यांनी चढायचे.

शिवाय ती जागा ५८ अक्षांशावर आहे. इतक्या उत्तरेला, अटलांटिकचा वारा थेट अंगावर घेत उभ्या असलेल्या डोंगराची गंमत अशी की पायथ्यापासून थोडं वर गेलं की झाडं संपतात. खाली शर्टावर निघालेला माणूस माथ्यावर कानटोपी शोधतो. मे महिन्यात मी तिथे ऊन, पाऊस आणि गारा एकाच चढणीत पाहिल्या आहेत. गारा पडून गेल्यावर पुन्हा ऊन, जसं काही झालंच नाही. म्हणून सहाशे बारा ऐकून टेकडी म्हणायचं की डोंगर, हे मी माथ्यावरच्या वाऱ्यावर सोपवते.

आकड्यांचा रोग फक्त आपल्याला आहे असं समजू नका. तिकडे ३,००० फुटांवरच्या डोंगरांना मन्रो म्हणतात. ह्यू मन्रो या गृहस्थांनी १८९१ मध्ये त्यांची यादी छापली. आज त्या यादीत २८२ नावं आहेत, आणि एकेकावर खूण करत आयुष्य घालवणारी माणसं आहेत. स्टॅक पॉली त्या यादीच्या आसपासही नाही, २,००० फुटांची रेघसुद्धा तो थोडक्यात ओलांडतो. तरी उन्हाळ्यात सकाळी उशीर केलात तर गाडी लावायला जागा मिळत नाही. यादीवाले तिथे कशाला येतात, हे त्यांना विचारायला हवं.

आता वाटेबद्दल. पूर्वी लोक दक्षिणेच्या अंगाने सरळ वर घुसत, त्यामुळे उतार इतका झिजला की दगडी पायवाट बांधून काढावी लागली. आता ती टेकडीला वळसा घालून मागच्या, म्हणजे उत्तरेच्या बाजूने चढते. सुरुवातीला हरणांसाठीच्या कुंपणाचं फाटक लागतं. आत भूर्जाची रोपटी वाढू दिली आहेत, नाहीतर हरणं त्यांना मान वर काढू देत नाहीत. उजव्या हाताने निघा. वळसा पूर्ण होईपर्यंत एका बाजूला टेकडी आणि दुसऱ्या बाजूला दलदलीचं माळरान, याखेरीज फार काही दिसत नाही, आणि माझ्या मैत्रिणी असत्या तर इथेच म्हणाल्या असत्या, "यासाठी आलो?" मग वाट मागे वळते आणि समोर सुइल्वेन येतो. ७३१ मीटरचा, सपाट माळावर एकटा उभा, शेजारीपाजारी कुणी नाही. त्याच्या अलीकडे बेटांनी भरलेलं मोठं तळं, आणि त्याच्या अवतीभवती मोजायच्या फंदात पडू नये इतकी लहान तळी.

हे डोंगर असे सुटे सुटे का, हे कळल्यावर मला तो देखावा दुप्पट आवडायला लागला. खालचा करडा, गाठीगाठीचा खडक लुईशियन नाईस, त्यातला काही भाग ३०० कोटी वर्षांचा. त्यावर सुमारे १०० कोटी वर्षांपूर्वी नद्यांनी लाल वाळूचे जाड थर आणून टाकले, तो टॉरिडोनियन वालुकाश्म. हिमनद्यांनी आणि पाण्यापावसाने तो बहुतेक सगळा खरवडून नेला, आणि जे उरलं ते हे डोंगर. म्हणजे मधला मुलूखच गायब आहे, फक्त शिल्लक उभी आहे. माथ्यावर ते थर चिरोट्याच्या पदरांसारखे हाताला लागतात. आपला इंदूरचा काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा, आणि आपण त्याला पुरातन म्हणतो!

धारेवर पोचलं की समुद्र दिसतो. पश्चिमेला समर आइल्स ही बेटं, आणि जमीन कुठे संपली ते लगेच सांगता येत नाही, कारण खाली जमिनीत तळी आणि पुढे पाण्यात जमीन. मला विचाराल तर उत्तर हे आहे. समुद्र आपल्यापासून इतका लांब की डोंगर चढताना तो आपल्या डोक्यात नसतो, उंची नुसती पाटीवर राहते. तिथे मात्र शून्य डोळ्यांसमोर असतं. आपण त्याच्यापासून किती वर आलो ते मोजावं लागत नाही.

"किती शांत, माणूस नाही काणूस नाही," असं फोटो बघून सगळे म्हणतात. इथे मला जरा अडायला होतं. हायलँड्समधली, म्हणजे स्कॉटलंडच्या या डोंगराळ मुलखातली, ही शांतता पूर्णपणे निसर्गाची नाही. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात जमीनदारांनी मेंढ्यांसाठी गावंच्या गावं उठवली. याच टेकडीच्या पायथ्याच्या कॉयगाख भागात १८५२-५३ मध्ये कुळांना हलवायचा बेत झाला, तेव्हा नोटिसा घेऊन आलेल्या अधिकाऱ्यांना बायकांनी अडवलं, कागद हिसकावून जाळले, आणि बेत बारगळला. म्हणून तिथे किनाऱ्यावर आजही वस्ती आहे. सगळीकडे असं झालं नाही. २००४ मध्ये धरणापायी हरसूद गाव रिकामं झालं ते आपण जवळून पाहिलेली माणसं, आपल्याला रिकाम्या जागेचं कौतुक जरा जपून करायला हवं.

चहा? नाही मिळत. माथ्यावर देऊळ नाही, पायऱ्या नाहीत, भुट्टा भाजणारा नाही. जानापावला मला हे सगळं आवडतं आणि तिथे ते नसणंही आवडतं, यात मला काही विसंगती वाटत नाही. थर्मास न्या. सोबत शेव न्यायला विसरू नका, पण पुडी घट्ट धरा, वारा आहे.

जायचंच असेल तर मे महिना बरा. जूनपासून मिज नावाची बारीक चावरी माशी सुरू होते आणि वारा पडला की ती डास परवडले म्हणायला लावते. जूनचा फायदा एवढाच की रात्री दहालाही उजेड असतो. बूट पक्के हवेत, नुसते चालायचे नकोत. पूर्ण फेरीला तीन-चार तास धरा. खरं शिखर पश्चिम टोकाला आहे आणि त्याच्या आधी एक अवघड खडक आडवा येतो, तिथे हातापायांनी चढावं लागतं. जावई म्हणतो त्याशिवाय चढाई पुरी होत नाही. मी पूर्वेकडच्या माथ्यावर बसून त्याची वाट बघते. समुद्र तिथूनही तेवढाच दिसतो, आणि तो आल्यावर शेव उरलेली असेल याची खात्री मी देत नाही.