हळू सोड

रविवारी दुपारी चारच्या सुमाराला शाळेच्या रिकाम्या मैदानावरून एक ठरावीक आवाज येतो. घर्रर्र, मग हिसका, मग एकदम शांतता. आणि त्या शांततेत कुणाच्या तरी बापाचा, भावाचा नाहीतर नवऱ्याचा वैतागलेला सूर: "अगं, हळू सोड म्हटलं ना!" खिडकीशी जाऊन बघायची गरज नसते. घरातलंच कुणीतरी घरातल्याच कुणाला तरी मोटरसायकल शिकवतंय आणि गाडी पाचव्यांदा बंद पडलीय.

या 'हळू सोड'वर माझा जुना राग आहे. निम्मा महाराष्ट्र या दोन शब्दांवर गाडी शिकला, हे खरं. पण शब्द अर्धवट आहेत. क्लच म्हणजे इंजिनाची ताकद चाकाशी जोडणारा-तोडणारा भाग. डाव्या हाताची त्याची लिव्हर मुठीपासून सुटून पूर्ण बाहेर येईपर्यंत जेवढी सरकते, त्यातला मधला बोटभर टप्पाच कामाचा. आत तेलात एकाआड एक रचलेल्या प्लेटा असतात, स्प्रिंगा त्यांना एकमेकींवर दाबून धरतात, आणि आपण लिव्हर दाबतो म्हणजे तो दाब काढून घेतो. लिव्हर सोडताना सुरुवातीला काहीच होत नाही. मग मध्ये कुठेतरी प्लेटा घासत घासत एकमेकींना धरायला लागतात. ती जागा संपली की पुढचं सोडणं नुसता उपचार.

शिकणारा बिचारा आज्ञाधारक असतो. तो पहिल्या इंचापासून हळू सोडतो. काही होत नाही. आणखी सोडतो, तरी काही नाही. मग धीर सुटतो आणि नेमक्या त्या बोटभर जागेवर हातही सुटतो. गाडी उडी मारते किंवा मरते. म्हणजे 'हळू सोड' हे त्यानं पाळलंच होतं, फक्त चुकीच्या ठिकाणी.

सांगायचं असतं ते 'थांब'. सपाट जमीन, पहिला गिअर, उजवा हात नुसता ठेवलेला, रेस अजिबात नाही. शंभर सीसीची गाडी एवढ्यावरही निघते. लिव्हर सोडत यायची आणि इंजिनाचा आवाज जरा खाली बसला, जड झाला, की हात तिथेच गोठवायचा. गाडी मुंगीसारखी सरकते. दोन पावलं सरकली की पुन्हा पूर्ण दाबायची. असं वीस-पंचवीस वेळा, नुसतं एवढंच. अर्ध्या तासानं डाव्या हाताला ती जागा सापडते आणि मग आयुष्यभर हरवत नाही. रेस त्यानंतर. पण शिकवणाऱ्याला घाई असते. त्याला पहिल्याच दिवशी तिसरा गिअर दाखवायचा असतो.

बरं, ती जागा गाडीगणिक वेगळी. लिव्हरच्या टोकाशी 10 ते 20 मिलिमीटर मोकळी हालचाल असावी लागते. केबल फार ताणलेली असेल तर प्लेटा कधीच नीट धरत नाहीत, गाडी रेस खाते आणि पळत नाही. फार ढिली असेल तर क्लच पूर्ण दाबूनही गाडी पुढे रेटते, न्यूट्रल सापडत नाही, आणि शिकणाऱ्याला वाटतं आपलंच चुकतंय. मैदानावर नेण्याआधी एवढं बघून घ्यायचं, लिव्हरपाशी केबलवरची गोल चकती बोटांनी फिरवून काम होतं. लहान हाताच्या माणसासाठी तर हे आधी.

आता एक नवीनच पंचाईत झाली आहे. पूर्वी शिकणारा सायकलवरून यायचा, हल्ली ॲक्टिव्हावरून येतो. स्कूटरवर डाव्या हाताची लिव्हर म्हणजे ब्रेक. तो हात वर्षानुवर्षं घाबरला की आवळायला शिकलेला. मोटरसायकलवर समोर कुत्रं आलं की तो तेच करतो आणि गाडी थांबायच्या ऐवजी मोकळी सुटते, उतारावर तर जोरात. म्हणून स्कूटरवाल्याला पहिल्या दिवशी उजव्या पायाखालच्या ब्रेकची सवय लावावी लागते. सुरुवातीला ढकलगाडी करून, इंजिन बंद ठेवून, फक्त उजव्या पायानं थांबायचं. गाडीचं वजन 110 किलोच्या आसपास, ते अंगाला कळणंही त्यातच होतं. मेन स्टँडवर लावता-काढता येणं हा पहिला धडा असायला हवा, तो कुणी देत नाही.

पण आवळायची ती सवय एका ठिकाणी उपयोगी पडते. क्लच झटक्यात सुटला की अंग मागे फेकलं जातं. मुठी घट्ट धरलेल्या, म्हणून उजवं मनगट खाली वळतं, म्हणून रेस वाढते, म्हणून माणूस आणखी घट्ट धरतो. कुंपणात घुसलेल्या गाड्यांमागे बहुधा हीच साखळी असते. अशा वेळी डावी मूठ गच्च आवळली की इंजिन बोंबलेल, गाडी ओढणार नाही. हे आधीच, गाडी स्टँडवर असताना सांगून ठेवायचं. पळणाऱ्या गाडीमागून ओरडून सांगायचं नाही. तसंही मागून कॅरिअर धरून धावणं ही सायकलच्या दिवसांची आठवण. मोटरसायकल तशी धरता येत नाही, फार तर पोटरीला सायलेन्सरचा चटका मिळतो.

खरं तर निम्मं शिक्षण आपलं टाकीवरच झालेलं असतं. वडिलांच्या पुढ्यात, पेट्रोलच्या टाकीवर, मांड्यांना गरम पत्रा आणि टोपणाची ती किल्लीची खाच रुतत असताना. अंगठा हॉर्नवर, हात हँडलवर, आणि मागून येणारा हात आपल्या हातावरून रेस देतोय. गाडी मध्येच गचके खायला लागली की खाली वाकून पेट्रोलचा कॉक रिझर्व्हला, म्हणजे राखीव पेट्रोलवर, फिरवायचा मान आपला. थंड गाडी सुरू करताना चोक ओढायचा मानही. 2020 मध्ये धुराचे नवे बीएस-6 नियम आले, बहुतेक नव्या गाड्यांवरून इंजिनाला पेट्रोल-हवा पुरवणारे कार्बोरेटर गेले, त्याबरोबर चोक आणि कॉकही गेले. टाकीवर बसवलेलं पोर आता फक्त हॉर्न वाजवतं. (बसवू नयेच म्हणा.)

शिकवणाऱ्याची हयात कुठल्या गाडीवर गेली यावरही बरंच ठरतं. जुन्या बुलेटवर शिकलेले काका 'उजव्या पायानं ब्रेक' म्हणायच्या आधी क्षणभर अडखळतात, कारण त्यांच्या उजव्या पायाखाली गिअर होता. चेतकवाल्यांचा गिअर डाव्या मुठीत. स्प्लेंडरवर चारही गिअर पुढे दाबून पडतात, पल्सरवर पहिला खाली आणि बाकीचे वर. एका घरात या दोन्ही गाड्या असल्या तर शिकणाऱ्यानं काय करावं? एकीवर शिकावं आणि दुसरीकडे महिनाभर बघू नये.

पडणं बहुतेक वेळा वेगात होत नाही. मैदानात, वळताना, दहाच्याही खाली काटा असताना होतं. हँडल वळलेलं, खाली बारीक वाळू, आणि पुढचा ब्रेक. पुढचं चाक आतल्या आत घसरतं, काही कळायच्या आत आपण मुरमावर. हँडल सरळ असेल तर पुढचा ब्रेक हाच खरा ब्रेक, वळणात मात्र मागचाच, तोही पाय नुसता टेकवून. आरटीओत आठचा आकडा काढायला लावतात त्याची सगळी मेख हीच: अर्धा क्लच, मागच्या ब्रेकवर हलका पाय आणि नजर पुढच्या चाकाकडे नाही, आठच्या पुढल्या पोटाकडे. चाकाकडे बघणारा पाय टेकवतोच.

लर्निंग लायसन सहा महिने चालतं, पक्क्याची परीक्षा तीस दिवसांनंतर. तोवर एल लावायचा आणि मागे शिकवणाऱ्याशिवाय कुणाला बसवायचं नाही. नवऱ्यानं बायकोला शिकवावं का, यावर कायदा गप्प आहे. माझं मत विचाराल तर धाकट्या भावानं शिकवावं. त्याला ओरडायची हिंमत नसते.

आणि मग एक दिवस ती एकटी निघते. दूध आणायला, चौकापर्यंत. शिकवणारा फाटकाशी उभा, हातात काहीतरी काम असल्याचं दाखवत. पहिला गिअर पडल्याचं ऐकू येतं. दुसरा. गल्लीचं वळण घेतलं, आवाज भिंतीआड गेला. आता तिसरा पडायला हवा. इंजिन दुसऱ्यावरच ताणलं जातंय, चढत चाललंय, किती वेळ झाला.

तिसरा टाक ना, अगं.