खोडींसकट विकलेली गिटार

मालवणात जुनी गिटार विकायला काढली की गिऱ्हाइकाआधी सल्ले येतात. शेजारच्या काकांनी तर सरळ सांगितलं, "पेटी असती तर भजनाक तरी उपयोगी पडली असती." गिटार यामाहाची एफ ३१०, कॉलेजपासून वाजवून वाजवून जुनी झालेली. आता घरात सॉलिड टॉपवाली, म्हणजे वरची फळी प्लायची नसून अख्ख्या लाकडाची असलेली, नवी आली होती, आणि दोन गिटारींना पुरेल एवढी कोरडी जागा आमच्या घरात नाही. म्हणून जुनी द्यायची ठरली.

किनाऱ्यावर राहिलेल्या गिटारीचं वय खरेदीच्या पावतीवरून कळत नाही. पावसाळ्यात इथली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर सहज जाते. लाकूड ओल धरतं, फुगतं, ब्रिजच्या (तारा जिथे अडकवतात त्या लाकडी तुकड्याच्या) मागची फळी उचलली जाते आणि तिच्याबरोबर ब्रिजही वर येतो. मग तारा फ्रेटबोर्डपासून, म्हणजे जिथे बोटं दाबतो त्या मानेवरच्या भागापासून, लांब जातात आणि शिकणाऱ्याची बोटं सोलून निघतात. माझ्या गिटारीवर बाराव्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे फ्रेटबोर्डवरच्या धातूच्या आडव्या रेघा) मोजपट्टी धरली तर जाड तारेखाली ३.५ मिमी भरत होते. २.५ च्या आसपास असलं की हात सुखात असतो.

दुरुस्तीसाठी ती गोव्याला किंवा कोल्हापूरला न्यायची म्हणजे येणाऱ्या पैशातला बराच भाग तिथेच गेला असता. पहिला आणि चौदावा फ्रेट एकाच वेळी दाबून बघितलं, मान बाकलेली नव्हती. म्हणजे मानेतल्या ट्रस रॉडला (मान सरळ ठेवणाऱ्या सळईला) हात लावायची गरज नव्हती, सॅडल, म्हणजे ब्रिजवर तारा टेकतात ती बारीक पट्टी, घासूनच भागणार होतं. त्याचं गणित असं की बाराव्या फ्रेटवर १ मिमी कमी करायचा तर सॅडलमधून २ मिमी काढावे लागतात. घासायचं ते तळाकडून. खिडकीची जुनी काच, त्यावर पॉलिशपेपर, आणि घाई अजिबात नाही. तळ तिरका झाला की सॅडल खाचेत नीट बसत नाही. ३ मिमीच्या किंचित खाली आल्यावर थांबले. पुढे कमी करायचं की नाही ते घेणाऱ्याने ठरवावं. घासलेलं परत लावता येत नाही.

तारा नव्या घातल्या, सर्वात बारीक तार ०.०१२ इंचाची असलेला संच. खाऱ्या हवेत न वाजवलेल्या तारासुद्धा गंजतात, आणि गंजकी तार दिसली की समोरचा आधी हजार रुपये कमी करतो. फ्रेटबोर्ड कोरड्या फडक्याने पुसला. आईने खोबरेलाची वाटी पुढे केली होती, ती परत स्वयंपाकघरात गेली. ते तेल लाकडात खवट होतं.

जाहिरातीत मी सगळं लिहिलं: फळी थोडी फुगलेली आहे, पहिल्या तीन फ्रेटवर बारीक तारांखाली खड्डे आहेत, मागच्या बाजूला पट्ट्याच्या बक्कलचे ओरखडे आहेत. प्रत्येकाचा जवळून काढलेला फोटो. पट्टी लावलेलाही. किंमत ४,५०० रुपये. बहीण म्हणाली, "एवढं सांगितल्यावर कोण घेणार?"

विचारणारे पुष्कळ. "आहे का?" असं विचारून गडप होणारे, "लास्ट किती?" म्हणणारे, आणि गिटारच्या बदल्यात जुना मोबाइल देऊ करणारा एक. शिवाय एक 'फौजी'ही आला. बदली झालीय, गिटार न बघताच घेतो, पूर्ण पैसे आत्ताच पाठवतो. फक्त हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की आपले पैसे जातात. नंबर ब्लॉक केला. कुणाचे गेलेच तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, लगेच फोन करायचा, वेळ घालवायचा नाही.

खोडींबद्दल नेमकं विचारणारे एकच निघाले. वेंगुर्ल्याचे, चर्चमध्ये वाजवणारे आणि मुलांना शिकवणारे अंकल. "खड्डे कितव्या तारेखाली?" हा त्यांचा पहिला प्रश्न. एसटीने आले आणि गिटार पडवीतल्या उजेडात घेऊन बसले. आधी वाजवलीच नाही. सुतार फळी बघतो तशी एक डोळा मिटून मानेवरून नजर टाकली. मोबाइलचा टॉर्च साउंडहोलमध्ये (फळीतल्या गोल भोकात) घालून आतल्या पट्ट्या बघितल्या, वरून बोटांच्या सांध्याने हलकेच ठोकत गेले. ओलीने डिंक सुटला असेल तर तिथे खडखड होते. मग प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर. दुसऱ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला बारीक झणझण आली, ती त्यांनी मला दोनदा ऐकवली.

"हिचा पोट सुटला," ते हसून म्हणाले, "पण प्लायची म्हणान टिकली."

घासाघीस फार झाली नाही. ते ३,८०० म्हणाले, मी ४,२०० म्हटलं, ४,००० वर ठरलं. वर कापडी कव्हर. मानेवर लावायचा चिमटा, कॅपो, मागितला, तो मात्र नाही दिला. पैसे आल्याचा आवाज झाल्यावरही मी बँकेच्या ॲपमध्ये जाऊन खात्री केली, तोवर अंकल शांतपणे चहा पीत होते. निघण्याआधी त्यांनी खुंट्या फिरवून तारा थोड्या सैल केल्या. पूर्ण ताणलेल्या सहा तारांची ओढ साधारण ७० किलोची असते, आणि रस्त्यातले खड्डे तर आपल्याला माहीतच आहेत.

मग त्यांनी नव्या गिटारीकडे बोट दाखवलं. सॉलिड टॉप प्लायपेक्षा लवकर ओल घेतो, ती उघडी टांगू नकोस, पेटीत ठेव, आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांत राहील असं बघ, असं बरंच काही सांगितलं. त्या ४,००० मधले काही पेटीत ठेवायच्या आर्द्रतामापकावर आणि सिलिका जेलवर गेले. काटा सध्या ६८ वर आहे.