आमची वाटचाल : स्वतःची दोन वाढवली, तरी दुसऱ्यांची सांभाळायला शिकावं लागलं

घरच्या घरी पाळणाघर सुरू करून मला आता सहा वर्षं झाली. सुरुवात कशी केली असं बऱ्याच जणी विचारतात, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

नोकरी सोडली तेव्हा धाकटी शाळेत जायला लागली होती आणि मला वाटायचं, दोन मुलं वाढवलीत, अजून काय शिकायचं राहिलंय, एक खोली मोकळी केली, थोडी खेळणी आणली की झालं. नोंदणीची चौकशी केली तेव्हा कळलं की फर्स्ट एडचं ट्रेनिंग लागणार, घरातल्या मोठ्या माणसांची चारित्र्य पडताळणी होणार आणि घर बघायलाही कोणीतरी येणार. तेव्हा खरंच कंटाळा आला होता, पण ते ट्रेनिंग माझी मुलं तान्ही असतानाच झालं असतं तर किती बरं झालं असतं असं आज वाटतं.

घशात काही अडकून बाळ गुदमरलं तर काय करायचं हे शिकवायला बाळाएवढी बाहुली हातात दिली होती. पालथी करून हातावर घ्यायची, डोकं खालच्या बाजूला, जबडा नीट धरायचा आणि दोन्ही खांद्यांच्या मधोमध पाच थापा, अडकलेलं निघालं नाही तर उताणं करून छातीवर पाच दाब, आणि वर्षाच्या आतल्या बाळाचं पोट कधीही दाबायचं नाही. माझ्या थापा बघून शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "ताई, तुम्ही थोपटताय, घास काढत नाही आहात." मुलाला जोरात मारायला हात उचलत नाही हो, पाचव्या-सहाव्या प्रयत्नाला जमलं. अजून एक गोष्ट तिथे कळली ती माझ्या डोक्यातून जात नाही, की मूल जोरात खोकत असेल तर त्याला खोकू द्यायचं, खरा धोका गप्प झालेल्या मुलाला असतो, कारण श्वास पूर्ण अडकला की आवाजच निघत नाही. म्हणून खाताना मी उठत नाही, समोर बसते. द्राक्षं उभी चिरून चार फोडी करूनच देते.

झोपेचंही तसंच. माझी दोन्ही पालथी झोपायची आणि मला ते छान वाटायचं. आता माझ्याकडचं तान्हं बाळ दर वेळी उताणंच झोपतं, सपाट गादी, उशी नाही, जाड पांघरूण नाही, मऊ खेळणी नाहीत, आजी कितीही म्हणाल्या तरी.

मग घराची तयारी. कोणीतरी सुचवलं की रांगत फिरून बघा, तर मी खरंच गुडघ्यांवर सगळं घर फिरले. सोफ्याच्या खाली, अगदी भिंतीला लागून, जुन्या रिमोटमधला बटणासारखा सेल पडलेला सापडला. तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजून निघतं, हे आठवड्यापूर्वीच शिकले होते. उभं राहून झाडताना तो मला कधीच दिसला नव्हता.

पहिल्या दोन महिन्यांत तीन मुलं आली, आणि मग माझ्या हातून चूक झाली. चौदा महिन्यांचा एक छोटा चालताना तोल जाऊन टेबलाच्या कडेवर आपटला, कपाळावर टेंगूळ आलं, मी गार कापड धरलं, पाच मिनिटांत तो खेळायला लागला. संध्याकाळी आई घाईत आली, दुसरा रडत होता, सांगायचं राहून गेलं. रात्री तिचा फोन आला. "लागलं त्याचं काही नाही ताई, मुलं पडतातच, पण तुम्ही सांगितलं का नाही?" मला उत्तर देता येईना. आणि तिचं बरोबर होतं, कारण डोक्याला मार लागला की पुढचे २४ तास मूल उलटी करतंय का, नेहमीपेक्षा जास्त गुंगीत आहे का हे बघावं लागतं, आणि जिला माहीतच नाही ती काय बघणार? पंधरा दिवसांनी त्यांनी त्याला काढून घेतलं. मला फार लागलं ते, अजूनही लागतं.

दुसऱ्याच दिवशी वही घातली. किती वाजता, कुठे, कसं लागलं, काय केलं, आणि नेताना आई किंवा बाबांची सही. शी किती वेळा, दूध किती, किती झोपला, सगळं त्यातच. घरून येतानाच कुठे खरचटलेलं असेल तर तेही सकाळी लिहून घेते.

पैशांच्या बाबतीत एवढंच सांगते की ओळखीची माणसं असली तरी करार लेखी करा. न्यायला उशीर, मूल आजारी म्हणून आलं नाही तेव्हाची फी, माझी स्वतःची सुट्टी, हे मी पहिल्या वर्षी तोंडी ठेवलं आणि दर महिन्याला अवघडून बोलत बसले. स्वतःचा धंदा असला की आजारी पडल्यावर पगार देणारं कोणी नसतं, त्यामुळे थोडे पैसे त्यासाठीही बाजूला काढावे लागतात.

आता मदतीला एक ताई आहेत. त्यांनाही आधी ट्रेनिंगला पाठवलं, मगच मुलं त्यांच्या हातात दिली. माझंही परत एकदा झालं, थापा या वेळी पहिल्याच प्रयत्नात बरोबर बसल्या.

उद्या नऊ महिन्यांची एक मुलगी नवीन येतेय. या वयात आई दिसेनाशी झाली की मुलं फार रडतात, म्हणून पहिल्या दिवशी आई इथेच बसेल, परवा अर्धा तास बाहेर जाऊन येईल, आणि जाताना गुपचूप न जाता तिला टाटा करूनच जायचं असं आमचं ठरलंय. तिचं घरचं दुपटं आणायला सांगितलंय, न धुता, आईचा वास असलेलं, कडेवर घेऊन बसताना तिच्या हातात द्यायला. वहीचं पहिलं पान आताच आखून ठेवलंय.