काकांची पट्टी

आमच्या शरणपूर रोडवरच्या क्लिनिकमध्ये आवाजाच्या तक्रारी घेऊन सगळ्यात जास्त येतात त्या शिक्षिका. त्यांच्याखालोखाल कीर्तनकार, लासलगावला कांद्याचा लिलाव पुकारणारे आणि निवडणूक आली की कार्यकर्ते. हार्ड रॉक गाणारे काका आले, तेव्हा फॉर्मवर ‘व्यवसाय’ या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, ‘नोटप्रेस, निवृत्त’. त्याखाली बारीक अक्षरात, ‘गायक’.

वय ६४. ऐंशीच्या दशकात नाशिकरोड आणि देवळाली कॅम्पात त्यांचा बँड वाजायचा. आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडचा गायक ब्रूस डिकिन्सन याला त्याचे चाहते ‘एअर रेड सायरन’, म्हणजे हवाई हल्ल्याचा भोंगा, म्हणतात, तसं काकांना त्यांचे दोस्त ‘प्रेसचा भोंगा’ म्हणायचे. १ फेब्रुवारी २००८ला आयर्न मेडन मुंबईत बीकेसीला वाजले, तेव्हा काका रजा टाकून गेले होते. त्या दौऱ्यात बँडचं बोइंग ७५७ विमान स्वतः डिकिन्सनच चालवत होता, हे सांगताना पासष्टीला टेकलेल्या या माणसाचे डोळे कॉलेजातल्या पोरासारखे झाले.

सिगरेट मात्र त्यांनी बँडच्या दिवसांत धरली ती सुटली नाही. दोन वर्षांपूर्वी स्वरतंतूवर कॅन्सर निघाला. तिथला कॅन्सर आवाज बसवून लवकर चुगली करतो, म्हणून पहिल्याच स्टेजला सापडला. नुसत्या रेडिएशनवर बरा झाला. पण आवाज खरखरीत, कोरडा, वर चढला की फुटणारा. आणि काकांना करायचा होता सोलो अल्बम. आठ गाणी, सगळी स्वतःची. संगीताचे ट्रॅक तयार, फक्त गळा राहिला होता.

त्यांनी मोबाइल टेबलावर ठेवला आणि गाणं लावलं. डिकिन्सनचा ‘द मँड्रेक प्रोजेक्ट’. १ मार्च २०२४ला आलेला. त्याआधीचा त्याचा सोलो अल्बम २००५चा.

“मॅडम, अल्बम आला तेव्हा हा ६५चा. ह्यालाही कॅन्सर झाला होता, ह्यालाही रेडिएशन दिलं. आता ऐका वरचा सूर. मग माझं का अडतंय?”

असले प्रश्न गोड बोलून टाळता येतात. मला ते आवडत नाही. मी कागदावर घशाचं चित्र काढलं. डिकिन्सनची गाठ जिभेच्या मुळाशी होती, एचपीव्ही या विषाणूमुळे झालेली. रेडिएशन आणि केमो झाल्यावर २०१५च्या मे महिन्यात तो बरा असल्याचं जाहीर झालं. अशा उपचारात लाळ कमी होते, जिभेच्या हालचालीत फरक पडतो, स्वर घडवणं नव्याने शिकावं लागतं. हे सोपं नाहीच. पण त्याचे स्वरतंतू स्वतः आजारी नव्हते. काकांची गाठ थेट तंतूवर होती. वरच्या सुरासाठी तंतू ताणला जातो आणि त्याचं मऊ आवरण लाटेसारखं हलतं. काकांच्या उजव्या तंतूचं आवरण ताठ झालं होतं. स्ट्रोबोस्कोपीत, म्हणजे तंतूंची हालचाल संथ करून दाखवणाऱ्या तपासणीत, डावीकडे लाट दिसत होती, उजवीकडे जवळजवळ नाहीच.

“म्हणजे संपलं?”

“संपलं नाही. पण तुमची तुलना चुकतेय.”

काकांना ते पटलं नाही. ‘आ’ लांबवायला सांगितला, तर ९ सेकंदांत दम संपला. या वयाच्या पुरुषाचा साधारण पंधराच्या आसपास तरी जायला हवा. मग पाण्याच्या बाटलीत स्ट्रॉ बुडवून त्यातून सूर काढायला लावला. बुडबुड्यांच्या उलट्या दाबामुळे तंतू एकमेकांवर आपटत नाहीत, हलकेच जुळतात. पाच मिनिटं केल्यावर आवाज जरा मोकळा झाला, आणि काका न विचारता उभे राहून गायला लागले. स्वतःचं गाणं, पूर्ण ताकदीनं, जुन्या पट्टीत. तिसऱ्या ओळीला आवाज फुटला. त्यांनी तीच ओळ पुन्हा घेतली, पुन्हा फुटली. मी थांबवायला हात वर केला तेवढ्यात दार उघडलं.

बाहेर नंबर लावून बसलेले त्र्यंबककडचे एक कीर्तनकार महाराज दारात उभे. वय सत्तरीपार, कपाळावर गोपीचंदन. मला वाटलं, आवाजाचा त्रास झाला म्हणून बोलणार. म्हणाले, “पट्टी उतरवा की! कोणती धरलीय?”

काकांनी गिटारच्या भाषेत काहीतरी सांगितलं. महाराजांना ते कळलं नाही, पण अडलंही नाही. “मी पांढरी पाचवर उभा राहायचो. आता काळी दोन. पेटीवाल्याला सांगितलं, झालं.”

“ते हरल्यासारखं वाटतं, महाराज.”

“तुकोबांनी काय अभंगासोबत पट्टी लिहून दिलीय?”

मी पाऊण तास जे समजावत होते ते दोन वाक्यांत उरकलं, याचा मला थोडा रागच आला. खोटं कशाला बोलू? पण लगेच त्याच धाग्याला धरलं. त्याच अल्बममधलं ‘फेस इन द मिरर’ लावलं. शांत, अकूस्टिक गिटारवरचं गाणं. त्यात डिकिन्सन सायरन वाजवत नाही, जवळ बसून बोलल्यासारखा गातो. मग शेवटचं ‘सोनाटा’, जवळपास दहा मिनिटांचं, ज्याचा कच्चा आराखडा नव्वदच्या दशकातला आहे. इतकी वर्षं पडून राहिलेलं गाणं त्याने साठी उलटल्यावर बाहेर काढलं. काका ते डोळे मिटून ऐकत होते. महाराजही ऐकत होते, पण दुसऱ्या मिनिटाला खुर्चीतच त्यांना डुलकी लागली.

काकांनी तिथूनच उपनगरला राहणाऱ्या त्यांच्या गिटारवाल्याला फोन लावला. सगळ्या तारा एक पूर्ण सूर खाली घ्यायच्या, ट्रॅक पुन्हा वाजवायचे. पलीकडून बराच आरडाओरडा झाला. काका म्हणाले, “तू वाजव रे, पैशांचं बघू.”

मी ठरवून दिलं ते असं: रोज दोनदा स्ट्रॉ, दिवसभर पाण्याचे घोट, रेकॉर्डिंग सलग वीस मिनिटांच्या वर नाही, आणि सिगरेटचा विषयही नको. आठपैकी सात गाणी खाली उतरली. आठवं काकांनी मूळ पट्टीतच ठेवायचं ठरवलं. त्यात आवाज कुठे फुटणार हे त्यांना ठाऊक आहे, आणि तो फुटलेलाच हवाय म्हणतात. मी एकच टेक मंजूर केलाय.