चौदा वर्षांचं गणित

आज कोर्टाच्या कँटीनमध्ये एक मावशी भेटल्या. "वकीलताई, पोराला तुरुंगात १४ वर्षं झाली की, मग सोडत का नाहीत?" पुन्हा तीच समजूत, जन्मठेप म्हणजे १४ वर्षं! खरं तर जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत, हे सुप्रीम कोर्टाने गांधीहत्येतला दोषी गोपाळ गोडसेच्या खटल्यात १९६१ सालीच सांगितलंय. खुनाच्या जन्मठेपेत १४ वर्षं ही फक्त किमान अट, त्याआधी सरकार फौजदारी कायद्याखाली माफी देऊन सोडू शकत नाही; राज्यपालांचा घटनेतला माफीचा अधिकार वेगळा. पुढचं सरकारच्या मनावर.

सुप्रीम कोर्टाच्या फेब्रुवारी २०२५ च्या निकालाने एक मात्र बरं झालं. राज्याच्या शिक्षामाफीच्या धोरणात बसणाऱ्या कैद्याचा विचार त्याने अर्ज केला नसला तरी सरकारने करायचा, आणि नाकारलं तर कारणं द्यायची. कारण हातात असलं की हायकोर्टात भांडता येतं.

मावशींनी पिशवीतून पोराच्या खटल्याच्या निकालाची चुरगळलेली प्रत काढली. चहा गार झालाय, मी अजून पान सातवरच आहे.